सिस्टर आज का आल्या नाहीत?



"सिस्टर पुन्हा रजेवर!" सातपुड्यातल्या पाड्यांवरून पेशंट दवाखान्यात नेताना ही कुरकुर मीही पुष्कळदा केली आहे. गेल्या पावसाळ्यात तापाने फणफणलेल्या एका मुलापाशी वॉर्डात रात्र काढावी लागली. पेशंट चाळीसेक, नर्स एकच. सलाईन, इंजेक्शने, नोंदी, त्यात बाळंतिणीची हाक. पहाटे ती पाणी प्याली, तेही उभ्याउभ्याच.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयात 5 खाटांमागे 1 नर्स हवी, आणि रजेसाठी 30 टक्के जादा. खरी गोम या जादा नर्सेसमध्ये आहे. वॉर्ड तीन पाळ्यांत, सातही दिवस चालतो; कोणाची साप्ताहिक सुट्टी, कोणाची बाळंतपणाची रजा असणारच. पदे रिकामी असली की एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्यूटी. मग पेशंट उचलून तिचीही कंबर धरते, रात्रपाळ्यांनी झोप उडते, वॉर्डातला ताप अंगात शिरतो, आणि चार दिवसांनी तीही गैरहजर. घरी मूल आजारी पडले तर रजा बहुधा आईच घेते. (आपल्या घरांतही असेच ना?) शिवाय घाटात दरड कोसळली की एसटीच येत नाही.

मुलाला घरी सोडले त्या दिवशी त्या सिस्टर नव्हत्या. ताप आला होता. मुलाच्या आईने पावरी बोलीत मला विचारले, "त्यांच्याजवळ कोण बसलंय?"

मला सांगता आले नाही.