जमिनीचे देणे

यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. येथील काळ्या जमिनीत कापसाबरोबर ज्वारी आणि तूर ही पिके पूर्वापार घेतली जातात. तूर किंवा हरभरा काढल्यावर त्याच रानात दुसरे पीक जोमाने वाढते. अशा वेळी ‘बेवड चांगला आहे’, असे शेतकरी म्हणतात. या बेवडाचे रहस्य काय?

हवेत शेकडा ७८ भाग नत्र आहे. परंतु ज्वारीला ते परस्पर घेता येत नाही. तिला मातीतील नत्रावरच पोसावे लागते. तूर, मूग, हरभरा या द्विदल पिकांचे तसे नाही. त्यांचे रोप अलगद खणून काढले, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. या गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. पुढे मुळे व गळलेला पाला कुजला, म्हणजे त्यांतील काही नत्र जमिनीस लाभते.

तरीही एवढ्याने भागत नाही. दाणे कोठारात जातात, कडबा गुरांपुढे पडतो. त्यांबरोबर नत्र, स्फुरद व पालाश ही द्रव्ये शेताबाहेर जातात. स्फुरद आणि पालाश हवेतून मिळत नाहीत. जमिनीचे हे देणे फेडले नाही, तर तिचा कस उतरत जातो.

ते फेडावे कशाने? १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते. तेवढेच नत्र शेणखतातून द्यावयाचे, तर सुमारे ९ टन खत लागेल! मग शेणखत हवे कशाला? शेणखताने माती भुसभुशीत होते, ओल धरून ठेवते आणि तिच्यातील उपयुक्त जंतूंना अन्न मिळते. पावसाने दडी मारली, म्हणजे हीच ओल पिकाला तारते. कोरड्या मातीत टाकलेले रासायनिक खत पिकाच्या मुखी लागत नाही. मग कर्ज काढून आणलेल्या खताचे पैसेही वाया जातात.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी व गहू यांचा प्रयोग वर्षानुवर्षे चालला. रासायनिक खतांना शेणखताची जोड मिळालेल्या तुकड्यांनी उत्तम पीक दिले. केवळ नत्राचे खत मिळालेले तुकडे मागे पडले.

म्हणून जाणता शेतकरी तृणधान्य व द्विदल यांची फेरपालट करतो. पेरणीपूर्वी तो चांगले कुजलेले शेणखत शेतात पसरतो, मातीची तपासणी करून घेतो आणि राहिलेली उणीव तेवढीच रासायनिक खताने भरून काढतो. शेणाची गोवरी चुलीत घातली, तर एका वेळचा स्वयंपाक होतो. तेच शेण खड्ड्यात कुजवून शेताला दिले, तर पुढील हंगामाची भाकरी पिकते.