युद्धखेळातील फासा आणि अमूर्तीकरण : एक विवेचन

साहित्याच्या अभ्यासकाने युद्धखेळाच्या नियमांकडे का वळावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. लढाई सांगणाऱ्या प्रत्येकाला, मग तो बखरकार असो, कादंबरीकार असो की खेळाचा रचनाकार, काय ठेवायचे व काय गाळायचे याचा निर्णय घ्यावाच लागतो. या निवडीला येथे ‘अमूर्तीकरण’ म्हटले आहे. खेळात ती नियमांच्या रूपाने उघड असते. म्हणून तिचा अभ्यास तेथे अधिक सुकर होतो. ‘यादृच्छिकता’, म्हणजे फाशावर सोपविलेला निकाल, ही या निवडीचीच दुसरी बाजू आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बुद्धिबळात यादृच्छिकतेला स्थान नाही. प्यादे वजिराला मारते तेव्हा वजीर हमखास पटाबाहेर जातो. येथे अमूर्तीकरण इतके टोकाचे आहे की प्रत्यक्ष युद्धाशी तुलना करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १७८० मध्ये ब्रन्सविक येथील हेलविग यांनी बुद्धिबळाच्या आधारे मोठा युद्धखेळ रचला. पण फाशाला खरे महत्त्व आले ते प्रशियात. वडिलांच्या खेळाला नवे रूप देऊन धाकट्या राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये आपले नियम प्रसिद्ध केले. पटाच्या जागी १:८००० प्रमाणाचा नकाशा आला, एक खेळी दोन मिनिटांची ठरली आणि तुकडीची हानी फाशाच्या साहाय्याने अंशाअंशाने मोजली जाऊ लागली.

वास्तवाच्या जवळ जाऊ पाहणाऱ्या खेळालाच फाशाची गरज भासावी, यात वरवर विसंगती दिसते. परंतु नकाशावर टेकडी दाखविता येते. ओली झालेली दारू, धुरात चुकलेला नेम, शिपायाचा खचलेला धीर दाखविता येत नाही. फासा हा या गाळलेल्या तपशिलांचा प्रतिनिधी होय. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा यांनी फासे व कोष्टके बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचावर सोपविण्याचा पुरस्कार केला. त्यामुळे अनिश्चितता नाहीशी झाली नाही. ती फाशातून पंचाच्या विवेकबुद्धीत गेली, एवढेच.

फासा किती वेळा टाकावा, हाही अमूर्तीकरणाचाच प्रश्न आहे. संगणकावरील ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या खेळात एका झुंजीचा निकाल एकदाच लागे. हरणारी तुकडी पूर्णतः नष्ट होई, जिंकणारी अबाधित राही. परिणामी प्राचीन भालाइतांपुढे आधुनिक युद्धनौका बुडण्याचे प्रसंग घडत व खेळाडूंना ते खटकत. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत झुंज अनेक फेऱ्यांत विभागली गेली. यामागील गणित सोपे आहे. दुर्बल पक्षाला एका फेरीत जिंकण्याची शक्यता २५ टक्के धरली, तर तीनपैकी दोन फेऱ्या जिंकण्याची शक्यता सुमारे १६ टक्के उरते. प्रथम दहा फेऱ्या जिंकणारा विजयी असा नियम केल्यास ती एक टक्क्याहूनही कमी होते. तपशील वाढले की नशिबाचा वाटा घटतो.

हे सूत्र आपल्या युद्धकथनाला लावून पाहणे उद्बोधक ठरते. पानिपताच्या पराभवाची मीमांसा करताना बखरवाङ्मय वारंवार दैवाकडे वळते. त्याला केवळ भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. कथनात जे सामावले नाही, त्याची जागा तेथे दैवाने घेतली आहे. उलट तुटलेली रसद, उपासमार, दक्षिणेकडचा अडलेला मार्ग यांचा तपशील जसजसा वाढतो, तसतसे दैवाचे क्षेत्र आक्रसते. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीचे वाचन या दृष्टीने करता येईल.

तथापि या सूत्राला मर्यादा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचा रंग पालटला. हजारो गोळ्यांची सरासरी काढता येते. त्या एका गोळीची काढता येत नाही. सर्व काही असंख्य फेऱ्यांत विभागणारा खेळ बलवानालाच जिंकवीत राहील आणि असा प्रसंग त्याच्या कक्षेबाहेर राहील. तेव्हा फासा अजिबात न ठेवणे हे जसे असत्य, तसेच त्याला निष्प्रभ करून टाकणे हेही असत्यच.

म्हणून युद्धवर्णनात ‘दैव’ हा शब्द आला की अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत : येथे कोणता तपशील गाळला गेला आहे? आणि सर्व तपशील भरूनही काही उरते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या साधनांत शोधता येते. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र साहित्यालाच झुंजावे लागते.