मागच्या रांगेतला मुलगा

रेणापूरच्या शाळेत संगीत शिकवायला लागलो तेव्हा माझ्याजवळ विशारदचं प्रमाणपत्र होतं, एक पेटी होती आणि आत्मविश्वास तर भरपूर होता. प्रार्थनेला मी माझ्या सवयीची काळी एक धरायचो. खालच्या स्वरांवर मुलांचा आवाज बसायचा. काही जण पुटपुटायची, काही ओरडायची. पोरं बेसूर आहेत, असं म्हणून मी मोकळा व्हायचो.

एकदा स्नेहसंमेलनाच्या तोंडावर आठवीतल्या एका मुलाला मी म्हणालो, "तू मागं उभा राहा. नुसते ओठ हलव." "हो सर," एवढंच तो बोलला.

पुढे काही वर्षांनी लातूरला संगीत शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. दोन-चार नव्या बंदिशी मिळतील, या आशेनं गेलो. पहिल्याच तासाला मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "पेटीची पट्टी कुणाची धरता? तुमची की मुलांची?" आम्ही सगळे गप्प!

लहान मुलांचा आवाज बायकांच्या आवाजासारखा उंच असतो. काळी चार, काळी पाच त्यांना सोयीची. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज फुटतो. काही महिने तो ताब्यात राहत नाही. त्याला बेसूर म्हणायचं नसतं. अशा मुलाला पेलतील तेवढ्याच चार-पाच स्वरांत, हलक्या आवाजात गाऊ द्यावं. बाई सांगत होत्या आणि मला मागची रांग दिसत होती.

गाणं येणं वेगळं आणि गाणं शिकवता येणं वेगळं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी हे केव्हाच ओळखलं होतं. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर त्यांनी शिक्षक घडवण्यासाठी खास 'उपदेशक वर्ग' चालवला. आपल्याकडे मात्र पदवी हाती आली की शिक्षकाचं शिकणं संपलं, असंच धरून चालतात. गणिताच्या मास्तरांना प्रशिक्षण लागतं, मग पेटीवाल्या मास्तरांना का नको?

शिबिराहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला काळी चार धरली. सगळी शाळा गायली.

तो मुलगा आता बापमाणूस झालाय. रेणुकादेवीच्या देवळात आरतीला भेटतो, वाकून नमस्कार करतो. मग आरती सुरू होते. तो टाळ्या वाजवतो आणि नुसते ओठ हलवतो.