दाब... धर... सोड!

"अगं, जरा खाली येतेस का? दोन मिनिटांचं काम आहे!"

रविवारी सकाळी कुकरची दुसरी शिट्टी होत असताना ही हाक आली की ओळखायचं, आमच्या ह्यांनी गाडीचं काहीतरी काढलंय. गॅस बारीक करायचा, ओले हात पदराला पुसायचे आणि खाली जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं. हे मागच्या चाकापाशी जमिनीवर आडवे. तिथून आवाज यायचा, "दाब!" मी ब्रेक दाबायची. "धर!" मी धरून ठेवायची. "सोड!" की सोडायची. आपण काय दाबतोय, का धरतोय, हे ना त्यांनी कधी सांगितलं, ना मी कधी विचारलं. माझं सगळं लक्ष तिसऱ्या शिट्टीकडे.

मैत्रिणींनो, नवरा, दीर किंवा मुलगा गाडीखाली शिरलाय आणि आपला पाय पेडलवर, असं तुमच्यापैकी किती जणींनी केलं असेल! या कामाला गॅरेजच्या भाषेत 'ब्रेकची एअर काढणं' किंवा 'ब्लीडिंग' म्हणतात. त्याला माणसं दोन लागतात, एक पान्याला आणि एक पायाला. पान्याचं काम ज्याचं त्याला सगळं ठाऊक. पायाचं काम जिचं, तिला काहीच नाही. माझंही अगदी तसंच होतं. मे २०२२ मध्ये मात्र माझी झोप उडाली.

नाशिकहून लग्न आटोपून आम्ही परत येत होतो. गाडी छोटी, २०१० सालची. आत पाच माणसं आणि डिकीत आहेराच्या पिशव्या. कसारा घाट उतरताना हे वळणावळणाला ब्रेक दाबत होते. अर्ध्या घाटात एकदम म्हणाले, "अगं, पेडल खाली जातंय!" पाय पार तळाला टेकला होता आणि गाडी पुढेच! ह्यांनी पेडल भराभर तीन-चारदा मारलं, गाडी खालच्या गिअरात घेतली, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि कशीबशी डोंगराच्या कडेला लावली. मागे सासूबाईंचा जप सुरू झाला होता. लेकीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसले.

अर्ध्या तासाने गाडी थंड झाली आणि पेडल पुन्हा होतं तसं झालं. आम्ही देवाचे आभार मानले आणि रांगत घरी आलो. आज वाटतं, तो शुद्ध वेडेपणा होता. गाडी तिथेच ठेवून टोइंगची गाडी बोलवायला हवी होती. तेव्हा वाटलं, झालं की नीट!

पेडल खाली का गेलं आणि परत वर का आलं, हे मला कळलं ते आमच्या भागातल्या एका मिस्त्रीकाकांकडून. आम्ही वागळे इस्टेटचे. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. तिची सुरुवातच आमच्या या वसाहतीपासून झाली. आता इथे कारखान्यांच्या जागी आयटीच्या काचेच्या इमारती आणि टॉवर उभे राहिलेत. तरी नंबरांच्या रस्त्यांवरून आत शिरलात, तर अजूनही एखाद्या गाळ्यातून लेथ मशीनची घरघर ऐकू येते. अशाच एका गाळ्यात हे काका बसतात. पण त्यांच्याकडे आम्ही पोचलो ते घोळ करून झाल्यावर. तो घोळ आधी सांगते.

आमचे हे कारखान्यात सुपरवायझर. हातात पाना धरता येतो, त्यामुळे गॅरेजवाल्यांवर विश्वास कमी. त्यात एका गॅरेजने दर सर्व्हिसिंगला ब्रेक ऑइल फक्त वरून भरून दिलेलं, बदललेलं कधीच नव्हतं. "आता मीच बदलतो," म्हणून हे पुढच्या रविवारी बसले. हाक आली, मी खाली गेले. उजवीकडच्या मागच्या चाकाचं काम सुरू झालं. "दाब! धर!" मी धरलं. पेडल पायाखाली हळूहळू तळाला गेलं. तेवढ्यात वरून लेक ओरडली, "आई, दूध उतू गेलं!" आणि माझा पाय सुटला.

"सोड म्हटलं होतं का मी?" हे उखडले. स्क्रू उघडा असताना पाय उचलला, त्यामुळे हवा पुन्हा आत ओढली गेली होती. सगळं पहिल्यापासून. मीही चिडले. म्हटलं, "पाय का सोडायचा नाही, हे आधी सांगितलं असतं, तर दुधाचं पातेलं जळालं तरी सोडला नसता!" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मग डावीकडचं मागचं चाक. इथे ब्लीडर स्क्रू गंजलेला. ठाण्याचा पाऊस आणि तुंबलेल्या रस्त्यांचं पाणी तुम्हाला सांगायला नको. वरची रबरी टोपी कधीच पडून गेली होती. ह्यांनी उघड्या तोंडाचा पाना लावला, तो सटकून स्क्रूचे कोपरे गोल झाले. मग पकड लावली. जोर केला आणि 'कट्' आवाज झाला. अर्धा स्क्रू पकडीत, अर्धा आत! वर ब्रेक ऑइल मडगार्डवर सांडलेलं. मी धावत जाऊन बादलीभर पाणी ओतलं म्हणून बरं, नाहीतर या ऑइलने रंग निघतो. ह्यांचं सुरूच होतं, "तिथे एम-सील भरून बंद करू, तीन चाकांचे ब्रेक आहेतच की!" कसाऱ्याचा घाट माझ्या डोळ्यांपुढे आला. म्हटलं, "गाडी इथून हलणार नाही. मिस्त्रींना बोलावते."

काका आले. तुटका तुकडा पाहून आधी हसले आणि म्हणाले, "ताई, हा स्क्रू आतून पोकळ असतो. त्यातूनच ऑइल बाहेर येतं. पोकळ वस्तूवर किती जोर करायचा?" एम-सीलचं ऐकून मात्र त्यांचा चेहरा बदलला. "ब्रेकला जुगाड नाही. एक चाक कमी धरलं तर गाडी एका बाजूला ओढते." त्यांनी त्या चाकाचा व्हील सिलिंडर नवाच आणून बसवला. मागच्या ड्रम ब्रेकला हाच शहाणपणा. पुढच्या चाकांच्या कॅलिपरमध्ये स्क्रू तुटला, तर जाणकार माणूस तो ड्रिल करून काढू शकतो, पण ते घरचं काम नव्हे.

काम करता करता काका बोलत होते आणि मी पहिल्यांदाच प्रश्न विचारत होते. आपल्याकडे पाणी येण्याआधी नळ कसा फुरफुरतो? पाइपात अडकलेली हवा असते ती. ब्रेकच्या पाइपातही हवा शिरली की असाच घोटाळा होतो. आपण पेडल दाबतो, तो दाब पाइपातल्या तेलातून चाकापर्यंत पोचतो. तेल दाबून लहान होत नाही, त्यामुळे दाब सगळाच्या सगळा पुढे जातो. हवा मात्र दाबली की आक्रसते. मग पाय खाली जातो आणि चाकाला काही पोचत नाही. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. मी आर्ट्सवाली, दहावीनंतर त्याचं नाव ऐकलं ते थेट गाडीच्या चाकाशी!

मग घाटात हवा आली कुठून? काका म्हणाले, "हवा नाही ताई, वाफ!" आपल्या बहुतेक गाड्यांतलं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ घेतं तसं. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं. नवं कोरं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येतो. घाटात सतत ब्रेक दाबले की चाकाशी आच वाढते, जुनं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी आणि पेडल जागेवर. म्हणजे 'झालं की नीट' हे फसवं होतं. आमच्या गाडीतून निघालेलं ऑइल काकांनी बाटलीत दाखवलं. नवं असतं पिवळसर, आमचं झालं होतं काळ्या चहासारखं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. नेमकी मुदत आणि कुठलं डॉट घालायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

गॅसच्या रबरी नळीवरची तारीख आपण बघतो, कुकरची रिंग सैल झाली की बदलतो, शिट्टीच्या भोकात शीत अडकलं नाही ना, ते उजेडात धरून पाहतो. ज्या गाडीत सगळं घर बसतं, तिच्या ब्रेक ऑइलचं वय मात्र आपल्याला ठाऊक नसतं!

त्यानंतर आमच्या किसननगरच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा किस्सा सांगितला. डब्यांसाठी टेम्पो चालवणारी एक, शाळेची व्हॅन चालवणारी एक, बाकीच्या स्कूटीवाल्या. दाखवायला मी औषधाची एक सिरिंज नेली होती. पाण्याने भरून पुढचं तोंड बोटाने बंद केलं, तर दांडा हलेना. हवा भरली तर अर्धा आत गेला. "अय्या, एवढंच?" व्हॅनवाली म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "माझं पेडल आठवडाभर स्पंजासारखं लागतंय, ते हेच का?" त्या दिवशी तिने व्हॅनला हात लावला नाही. मुलांच्या आयांना फोन केले आणि मिस्त्रींना बोलावलं. मागच्या चाकाशी ऑइल गळत होतं. व्हॅनमध्ये रोज दहा-बारा मुलं बसतात, मैत्रिणींनो!

स्कूटीवाल्यांनी विचारलं, आमचं काय? ज्या स्कूटरला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आणि तारेची केबल आहे, तिच्यात ऑइल नसतं, फक्त केबल ताणून घ्यावी लागते. पुढे डिस्क ब्रेक असेल तर हँडलपाशी छोटी डबी असते. तिच्यातलं ऑइल दिसतं, तेही बदलावं लागतं.

मग घरी हे काम करावं का? जाणता माणूस सोबत असेल आणि गाडी साधी असेल, तर करावं. नाहीतर गॅरेजमध्ये करून घ्यावं, पण समोर उभं राहून. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. अशा काही गाड्यांची हवा काढायला कॉम्प्युटर जोडावा लागतो, तिथे आपला हात नको. घरी करायचंच तर आदल्या रात्री स्क्रूवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. पाना बरोब्बर मापाचा आणि रिंगचाच घ्यावा. तरी हलला नाही तर जोर न करता मिस्त्रींना हाक मारावी. गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून, जॅकसोबत स्टँड देऊन उभी करावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी जाऊ नये. स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावं, म्हणजे बुडबुडे दिसतात. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची, तो क्रम पुस्तिकेत पाहावा. बॉनेटखालची ऑइलची डबी कधीही रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर तिथूनच हवा शिरते. शेवटी स्क्रू बेताचाच आवळावा आणि रबरी टोपी बसवावी. गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागतंय ना, कुठे गळत नाही ना ते पाहावं आणि आधी गल्लीतच सावकाश चालवून बघावी.

आणि एक आपल्या खात्यातलं. निघालेलं ऑइल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. ते विषारी असतं आणि मुलांना रंग सरबतासारखा दिसतो. गटारातही ओतू नका, गॅरेजमध्ये द्या.

आमच्याच वागळे इस्टेटमध्ये आयटीआय आहे. मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड मुलींनाही खुला असतो. २०२३ मध्ये आपल्या एसटीच्या स्टिअरिंगवरही महिला चालक बसल्या. आपण निदान आपल्या पायाखाली काय आहे ते तरी जाणून घेऊ या.

दोन वर्षांनी, २०२४ च्या मे महिन्यात, ऑइल बदलायची वेळ पुन्हा आली. मी खाली उतरले, रिंगचा पाना उचलला आणि ह्यांना म्हटलं, "तुम्ही बसा सीटवर." मिस्त्रीकाका बाजूला उभे होते. डावीकडचं मागचं चाक. स्क्रू पाव आटा सैल केला. नळीतून आधी काळं ऑइल आलं, मग एक बुडबुडा, मग पिवळं, स्वच्छ.

"धरा हं!" मी ओरडले. तेवढ्यात ह्यांचा मोबाइल वाजला आणि पाय सुटला!

काका माझ्याकडे बघून हसले. मी पाना खाली ठेवला, उठून सीटपाशी गेले आणि पाय का सोडायचा नाही ते ह्यांना पहिल्यापासून समजावून सांगितलं. मग म्हटलं, "चला. पुन्हा. दाबा..."