हंगामी माकडे आणि नराची प्रजननक्षमता
उत्तर भारतातील ऱ्हीसस माकडांचा मीलनाचा हंगाम प्रामुख्याने शरद ऋतूत येतो. त्या काळात नराच्या चेहऱ्याची आणि पार्श्वभागाची कातडी लालबुंद होते, वृषणे भरतात. हंगाम सरला की वृषणे आक्रसतात आणि शुक्राणूंची निर्मिती घटते.

या चढउताराची सूत्रे मेंदूकडे असतात. हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने जीएनआरएच हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके सोडते. एलएचमुळे वृषणातील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, तर एफएसएच शुक्राणूंच्या घडणीला आधार देणाऱ्या सर्टोली पेशींना चालना देते. बिगरहंगामात हे संकेतच मंदावतात.

वृषणांची क्षमता मात्र शाबूत असते. म्हणून एलएचसारखे काम करणारे एचसीजी आणि एफएसएच बाहेरून दिल्यास बिगरहंगामातही शुक्राणूनिर्मितीला चालना देता येते. फक्त टेस्टोस्टेरॉन टोचले, तर पीयूषिकेचे स्रवण उलट दबते. जीएनआरएचही थांबून थांबून द्यावे लागते. सततच्या पुरवठ्याने ग्रंथी प्रतिसाद देईनाशी होते, हे पिट्सबर्गमध्ये ऱ्हीसस माद्यांवर झालेल्या प्रयोगांतून 1978 मध्ये दिसले. शुक्राणू परिपक्व व्हायला कित्येक आठवडे लागत असल्याने उपचारांचा परिणाम सावकाश दिसतो.

पीयूषिकेचे संप्रेरक कमी पडणाऱ्या पुरुषांच्या वंध्यत्वावरही एचसीजी व एफएसएचचीच इंजेक्शने दिली जातात.