हिमनग : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'टायटॅनिक' हे प्रचंड जहाज उत्तर अटलांटिक महासागरात एका हिमनगावर आदळले. इंग्लंडहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या या जहाजाची ती पहिलीच सफर होती. पाण्याखालच्या भागात जहाजाला भगदाडे पडली आणि तीन तासांच्या आत ते बुडाले. पंधराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या वस्तूमुळे हे घडले, तिला इंग्रजीत 'आइसबर्ग' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी 'हिमनग' हा शब्द रूढ आहे.

'आइसबर्ग' हा शब्द इंग्रजीत डच भाषेच्या प्रभावातून आला. 'आइस' म्हणजे बर्फ आणि 'बर्ग' म्हणजे पर्वत. मराठी शब्दाची घडणही अशीच आहे. संस्कृतमध्ये 'नग' म्हणजे पर्वत. 'न गच्छति', म्हणजे जो जात नाही, हलत नाही तो नग. बाजारात आपण 'दहा नग द्या' असे म्हणतो, त्यातील 'नग' वेगळ्या अर्थाचा आहे. गंमत अशी, की न हलणाऱ्याचे नाव धारण केलेला हिमनग मात्र वाऱ्यासवे आणि सागरी प्रवाहांसवे दूरवर वाहत जातो.

पाण्यावर तरंगणारा प्रत्येक बर्फ हिमनग नसतो. ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथे हजारो वर्षे पडलेले हिम दाबाने घट्ट होते आणि हिमनदीच्या रूपाने समुद्राकडे सरकते. तिच्या मुखाशी तुटून वेगळा झालेला मोठा खंड म्हणजे हिमनग. म्हणूनच तो खाऱ्या समुद्रात तरंगत असला, तरी त्याचे पाणी गोडे असते. याउलट, समुद्राचेच पाणी गोठून जे सपाट थर तयार होतात, त्यांच्या तरंगत्या लाद्यांना इंग्रजीत 'फ्लो' असे वेगळे नाव आहे. हिमनगांचे आकार थक्क करणारे असू शकतात. मार्च २००० मध्ये अंटार्क्टिकाच्या रॉस हिमस्तरापासून सुटलेल्या एका हिमनगाचे क्षेत्रफळ सुमारे ११,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या जवळजवळ तिप्पट होते.

पाणी गोठताना प्रसरण पावते. त्यामुळे बर्फ पाण्यापेक्षा हलका होतो व तरंगतो. परंतु हा फरक थोडा असल्याने हिमनगाचा साधारण एक दशांश भागच पाण्यावर दिसतो. उरलेले नऊ भाग पाण्याखाली असतात. या गुणधर्मातूनच 'हिमनगाचे टोक' हा वाक्प्रचार इंग्रजीच्या वळणाने मराठीत आला. दिसते त्याहून न दिसणारे कितीतरी मोठे आहे, असे सांगायचे असेल तेव्हा तो वापरावा. उदाहरणार्थ, 'तपासात प्रथम सापडलेले दोन बनावट दस्तऐवज म्हणजे हिमनगाचे केवळ टोक होते.' मात्र 'त्याने यशाच्या हिमनगाचे टोक गाठले' हे वाक्य चुकीचे आहे. तेथे 'शिखर' हाच शब्द हवा. तसेच गिर्यारोहक चढतात ते हिमशिखर, हिमनग नव्हे.

शब्दांतील हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. हिमनद्या वितळल्या की समुद्राची पातळी वाढते, कारण जमिनीवरचे पाणी नव्याने समुद्रात येते. हिमनग मात्र आधीच तरंगत असतो. आपल्या वजनाइतके पाणी त्याने अगोदरच बाजूला सारलेले असते. त्यामुळे तो वितळल्याने पातळीत फारसा फरक पडत नाही. 'हिमनदी' आणि 'हिमनग' यांची गल्लत केली, तर किनाऱ्यावरील लोकांना असलेला खरा धोका कोठला, हेच कळेनासे होते.

टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर, १९१४ मध्ये, उत्तर अटलांटिकमधील हिमनगांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली. खलाशाला हिमनगाचे टोक दिसले की पाण्याखालच्या भागाचाही विचार करावा लागतो. शब्द वापरणाऱ्यानेही तसेच करावे. शब्दाचा उच्चार आणि लेखन कानाडोळ्यांना सहज लाभते. त्याचा अर्थ जाणण्यासाठी थोडे खोल उतरावे लागते.