‘समजलं का?’ विचारून काय कळतं?

मंडळाच्या मागच्या बैठकीत ठरलं की या अंकात कोणीतरी ‘ट्रेनरनं बोलावं कसं’ यावर लिहायचं, कारण आपल्या विभागातून दरवर्षी दोघं-तिघं कुठल्या ना कुठल्या कंपनीत ट्रेनर म्हणून लागतात. भाषा येते, भीड नाही, म्हणजे जमेल, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटत होतं. रविवारी मिस्साला वाचन करते, वक्तृत्वाच्या ढाली घरात आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अडखळत नाही. गेल्या मे महिन्यात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुट्टीपुरतं एचआरचं काम मिळालं आणि पहिल्याच आठवड्यात नव्या पोरांना सुरक्षेचं ट्रेनिंग द्यायला उभी राहिले.

बावीस स्लाइड होत्या, सगळ्या इंग्रजीत. मी त्या मराठीत आणि मध्ये मध्ये हिंदीत समजावल्या. आवाज खणखणीत, नजर शेवटच्या रांगेपर्यंत. दर पाच मिनिटांनी विचारत होते, ‘समजलं का?’ अठरा माना हलत होत्या. शेवटी टाळ्यासुद्धा झाल्या.

नवव्या दिवशी त्या अठरांतला एक पोरगा भट्टीजवळ होता. वितळलेल्या लोखंडाला तिथं रस म्हणतात. रसावर तरंगणारा मळ, म्हणजे स्लॅग, सळईनं बाजूला काढावा लागतो. सळई फार तापली म्हणून त्यानं ती पाण्याच्या बादलीत बुचकळली आणि तशीच ओली रसाकडे नेली. भट्टीवरच्या मामांनी ओरडून त्याचा दंड मागं ओढला, म्हणून पुढचं काही झालं नाही.

पुढचं काय झालं असतं? रस १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. सळईबरोबर पाणी त्याच्या आत गेलं तर क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती जागा वाफ रस उडवून करून घेते. समोर माणसाचं तोंड असतं.

‘हत्यारं कोरडी असावीत’ हे माझ्या चौदाव्या स्लाइडवर होतं. मी ते स्पष्ट उच्चारात सांगितलंही होतं. पण कोरडी का, ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्या पोराच्या हिशेबानं गरम सळई थंड करणं हा शहाणपणाच होता. मामा मला एवढंच म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही बोलता छान. पण पोरांना करायला काय लावलात?’

त्या रात्री झोप लागली नाही. वाचत बसले तेव्हा एक जुनी गोष्ट हाती लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांना लाखो नवखी माणसं पटकन तयार करायची होती. त्यासाठी १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. कामगारांना शिकवणाऱ्या सुपरवायझरांना आधी शिकवायचं, अशी त्यातली कल्पना. काम शिकवण्याचा कोर्स फक्त दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. १९४५ पर्यंत दहा लाखांवर लोकांनी तो केला. युद्धानंतर तो जपानात गेला आणि टोयोटानं उचलला.

त्या कोर्सची सुरुवात मला फार आवडली. बल्बच्या होल्डरमध्ये वायर शिरते तिथं तिच्या दोन तारांची एक खास गाठ मारतात, म्हणजे दिवा लोंबकळला तरी ओढ स्क्रूवर येत नाही. प्रशिक्षक एकाला पुढं बोलावून ही गाठ कशी मारायची ते नुसतं तोंडानं सांगतो. त्याला जमत नाही. मग दुसऱ्याला बोलावून, काही न बोलता, गाठ मारून दाखवतो. त्यालाही जमत नाही. सगळा वर्ग हे बघत असतो, आणि प्रत्येकाला आठवतं की आपण कारखान्यात रोज हेच दोन प्रकार करतो. (मी पहिल्या प्रकारातली.) त्यानंतरच खरी पद्धत दाखवतात.

पद्धत चार टप्प्यांची आहे. आधी माणसाला सैल करायचं आणि त्याला या कामाचं काय माहीत आहे ते विचारायचं. मग एकेक पायरी सांगत सांगत करून दाखवायची, आणि प्रत्येक पायरीतला कळीचा मुद्दा ठासून सांगायचा. नंतर त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करता करता कळीचे मुद्दे त्याच्याच तोंडून वदवायचे. शेवटी त्याला कामावर सोडायचं, अडलं तर कोणाकडे जायचं ते सांगायचं, आणि बघायला येत राहायचं. हळूहळू कमी करत.

आपल्यासारख्या बोलघेवड्यांचा सगळा जोर दुसऱ्या टप्प्यावर असतो, आणि तिसरा आपण ‘समजलं का?’ वर उरकतो. नव्या जागी, अनोळखी मॅडमसमोर, अठरा जणांत ‘नाही’ कोण म्हणेल?

साहेबांची परवानगी घेऊन मी पुन्हा ट्रेनिंग घेतलं. या वेळी पाच-पाच जण, भट्टीपासून लांब, हातात सळई. स्लाइड नाहीत. पहिला प्रश्न: घरी तळण कोण करतं? कढईत पाण्याचा थेंब पडला तर काय होतं? सगळेच बोलायला लागले, एकानं मनगटावरचा डाग दाखवला. तेल दोनशे अंशांच्याही आत असतं, रस १४००, एवढं सांगितल्यावर कोरडी सळई का, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. मग सळई कुठून उचलायची, भट्टीच्या कडेला आधी तापवून ओल कशी घालवायची, हे मामांनी दाखवलं. त्यांना समोर नव्हे तर पोरांच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभं केलं. समोरून दाखवलं की डावं-उजवं उलटं दिसतं, हे आपल्याला नाच शिकताना माहीत असतं, इथं विसरतो.

मग प्रत्येकानं करायचं आणि बोलायचं. एकानं सगळं कन्नडमध्ये सांगितलं. माझं कन्नड बाजारापुरतं, म्हणून मी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, ‘बरोबर सांगतोय.’ पहिल्या वेळी त्यानं माझ्या मराठीला मान हलवली होती.

या सगळ्यात मला सर्वांत जड गेलं ते गप्प राहणं. पोरगा आठवत असतो, सळई हातात घेऊन उभा असतो, आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार असतं. वक्तृत्वात थांबा दोन सेकंदांचा असतो. इथं कधी कधी दहा मोजावे लागतात. आवाज, उच्चार, नजर यांचा उपयोग होतोच, नाही असं नाही. पण ते आपल्याला आधीच येतं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. स्लाइड लागल्याच तर चित्रांच्या करा.

पहिला आठवडा मी रोज भट्टीवर जात होते, नंतर एक दिवसाआड, शेवटच्या आठवड्यात एकदाच. तो पोरगा सळया कडेला तापत ठेवत होता. मला बघून म्हणाला, ‘मॅडम, विचारा.’ मी म्हटलं, ‘विचारत नाही, बघते.’ बादली आता भट्टीपासून पार लांब, भिंतीला लागून होती. ती कोणी हलवली ते मला माहीत नाही.